साखर नॉर्मल आली, तरी कंबर मोजा: इन्शुलिन, मोठं आतडं आणि आपलं इंदुरी ताट

घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, किंवा स्वतःच्या रिपोर्टवर ‘प्रीडायबेटिस’, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असा शेरा आला, की पहिले काही दिवस नुसते फोन आणि फॉरवर्ड वाचण्यात जातात. कुणी गहू सोडायला सांगतं, कुणी कोमट पाण्यात काहीबाही घ्यायला. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यात झाल्या. थोरल्या भावाला आतड्याचं निदान झालं आणि माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं. ही दोन दुखणी एकमेकांची नातलग आहेत हे मला आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, तोवर कुणीच बोललं नव्हतं. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. पण फाइल नीट लावायची सवय आहे, म्हणून नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते.

१. आधी नातं समजून घ्या

पोहे, पोळी, भात, जलेबी, काहीही खाल्लं की रक्तात ग्लुकोज वाढतं. स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि त्याच्या सांगण्यावरून स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी ते ग्लुकोज आत घेतात. पोटात आणि यकृतात चरबी साचत गेली, हालचाल कमी झाली, की या पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओततं आणि साखर कशीबशी जागेवर ठेवतं. हाच इन्शुलिन रेझिस्टन्स. तो बरीच वर्षं असाच चालू शकतो, आणि त्या सगळ्या वर्षांत साखरेचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येत राहतो.

आता आतडं. इन्शुलिन फक्त साखर हलवत नाही, ते पेशींना वाढायलाही सांगतं. शिवाय इन्शुलिन सतत चढं राहिलं की यकृत एक प्रथिन कमी बनवू लागतं, आणि त्या प्रथिनाने बांधून ठेवलेला आयजीएफ-१ हा वाढीचा घटक मोकळा सुटतो. मोठ्या आतड्याचं अस्तर काही दिवसांतच नवं होत असतं, म्हणजे तिथे पेशींचं विभाजन अखंड चालूच असतं. त्यात ‘अजून वाढा’ असा निरोप वर्षानुवर्षं मिळाला, तर ज्या बिघडलेल्या पेशींनी मरायला हवं त्या टिकतात. त्यातून कधी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, तयार होते आणि काही पॉलिप साधारण दहा वर्षांच्या कालावधीत कॅन्सरकडे जातात.

ही कल्पना संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर मांडली. त्यानंतर मोठ्या गटांचे अभ्यास झाले. टाइप-२ मधुमेह असलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा सुमारे २० ते ३० टक्के जास्त दिसतो. २०१६ मध्ये अमेरिकेत, कोणतं खाणं शरीरातलं इन्शुलिन चढं ठेवतं यावर आहाराला गुण देण्याची पद्धत तयार झाली आणि पुढच्या अभ्यासांत जास्त गुणांच्या आहाराबरोबर आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही जास्त आढळला. त्या यादीत भाकरी, उसळ, सेव यातलं काही नाही, ती अमेरिकी ताटावर बेतलेली आहे. तेव्हा नेटवरून ती उतरवून फ्रिजवर लावू नका.

एक लक्षात ठेवा: धोका २० टक्के जास्त याचा अर्थ दर पाच मधुमेहींत एकाला कॅन्सर होणार असा नव्हे. मूळचा धोका जेवढा, त्यात पाचव्या हिश्शाची भर. घाबरून जाण्यासारखं त्यात नाही, पण कंबर मोजण्याइतकं नक्की आहे.

२. काय जमवायचं

खर्चिक काही नाही. शिंप्याकडची मऊ टेप. गेल्या पाच वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. हिमोग्लोबिनचे जुने आकडेही हवेत, ते पुढे कामी येतात. चालू औषधांची यादी, त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिच्याखाली लाल रेघ. एक साधी वही. आणि एका पानावर घरातल्या दुखण्यांची वंशावळ: आई, वडील, भावंडं, मुलं, कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा पॉलिप निघाला आणि तेव्हा त्यांचं वय काय होतं. वय महत्त्वाचं. ‘काकांना पोटाचं काहीतरी होतं’ एवढ्यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत. त्यासाठी पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना फोन करावे लागतात, आणि जुन्या मंडळींना हा विषय काढलेला आवडत नाही. तरी करा.

ओळखपत्र आणि असल्यास आयुष्मान कार्ड. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, या कार्डावर उपचारखर्चाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. घरातल्या आजी-आजोबांचं कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा.

३. कंबर, मान आणि आकडे

टेप बरगड्यांचा शेवट आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून लावा. साडीची किंवा पॅन्टची कंबर वेगळी असते, ती धरू नका. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. वजन बेताचं आणि पोट पुढे, असा देह आपल्यात भरपूर. त्यांना ‘तुम्ही तर बारीक आहात’ असं ऐकवलं जातं आणि ते निर्धास्त राहतात.

मानेच्या मागे किंवा काखेत काळसर, मखमली जाड कातडी दिसते का ते पाहा. कित्येक घरांत ती मळ समजून दगडाने घासली जाते. ती बहुतेकदा इन्शुलिन रेझिस्टन्सची खूण असते.

मग रक्त. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे कुंपणावर. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढं आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) उतरलेलं, ही जोडीही बोलकी असते.

उपाशीपोटी इन्शुलिन मोजलं तर एक हिशेब करता येतो: साखर गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. समजा दोन शेजारणींची उपाशीपोटी साखर ९८ आहे, म्हणजे दोघींचा रिपोर्ट स्वच्छ. एकीचं इन्शुलिन ५, दुसरीचं १४. पहिलीचं उत्तर १.२ येतं, दुसरीचं ३.४. तीच साखर जागेवर ठेवायला दुसरीचं स्वादुपिंड जवळजवळ तिप्पट राबतंय आणि तिच्या आतड्याचं अस्तर त्या सगळ्या इन्शुलिनमध्ये भिजतंय. मात्र या आकड्याला सर्वमान्य अशी एकच सीमारेषा नाही, प्रयोगशाळेगणिक फरक पडतो. म्हणून दरमहा मोजत बसू नका. एकदा मोजा, आणि सहा महिन्यांनी हवं तर त्याच लॅबमध्ये पुन्हा.

४. ताट बदला, शहर सोडू नका

इंदुरात राहायचं आणि पोहे-जलेबी सोडायची असा सल्ला देणारा माणूस इंदूरचा नसतो. खरी अडचण दिवसभराच्या साखळीत आहे. सकाळी पोहे आणि जलेबी, अकराला कचोरी, दुपारी पोळी-भात, पाचला चहा-टोस्ट-सेव, रात्री जेवण उरकून सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊ-बाजारात, साबुदाण्याची खिचडी आणि वर रबडी. इन्शुलिनला खाली यायला उसंतच मिळत नाही. एखाद्या पदार्थावर खापर फोडण्याआधी वहीत आठवडाभर फक्त वेळा लिहा. तोंडात काही टाकलं की वेळ. मला माझीच वही पाहून धक्का बसला होता.

तंतू, म्हणजे फायबर, हा दुसरा धागा. आपल्याला न पचलेला तंतू मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू त्यावर पोसतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. अस्तराच्या निरोगी पेशींचं ते मुख्य इंधन आहे. शिवाय तंतूमुळे साखर रक्तात सावकाश चढते, म्हणजे इन्शुलिनही बेतात. एकाच घासाने दोन्ही कामं होतात, म्हणून सुरुवात इथून करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. आपल्या स्वयंपाकघरातले अंदाजे आकडे, १०० ग्रॅम कच्च्या पदार्थात:

- तांदूळ आणि मैदा: प्रत्येकी ३ च्या आत
- पोहे: साडेतीन
- ज्वारी: १०
- कणीक, न चाळलेली: ११
- अख्खे मूग: १७
- अख्खे हरभरे: २५
- पेरू: साडेआठ

गहू आणि ज्वारी जवळपास बरोबरीला आहेत हे पाहिलंत? तेव्हा ‘गहू बंद’ म्हणून घरात भांडणं नकोत. भांडायचंच असेल तर चाळणीशी भांडा. आपल्या घरांत पोळ्या मऊ आणि पांढऱ्या व्हाव्यात म्हणून कणीक बारीक चाळणीने चाळतात आणि कोंडा गाईला जातो. गाय सुदृढ राहते. चक्कीवर थोडं जाडसर दळून घ्या आणि खडे-किडे पाहण्यापुरती मोठ्या भोकांची चाळणी वापरा. पोळी पहिले काही दिवस चिरफाळते. कणीक अर्धा तास जास्त भिजू दिली की जमते.

सोयाबीन आपल्या माळव्याचंच पीक, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच आहे. कणकेत दहाव्या हिश्शाने सोयाबीन मिसळलं तर प्रथिनं चांगली वाढतात. पण कच्चं सोयाबीन सरळ दळून आणू नका. त्यातले काही घटक पचनात अडथळा आणतात. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, कडकडीत वाळवा आणि मग चक्कीवर न्या.

पोह्यांचं काय करायचं? घरच्या पोह्यांत निम्मे पोहे आणि निम्मे मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी. वर लिंबू, कोथिंबीर आणि जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, मनसोक्त, जीरावनाशी माझं काही वैर नाही. सेव चिमूटभर. जलेबी रविवारी, आणि ती पोह्यांच्या नंतर, उपाशीपोटी नाही. भुट्ट्याचा कीस सराफ्यातल्या खाण्यांत बरा. तूप-दूध असलं तरी मका आहे. गराडू हा कंद तळलेला असतो, हिवाळ्यात चौघांत वाटून खा. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ स्टार्च, तंतू नावालाही नाही. एकादशीला राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, दही, इतकं असताना खिचडीचा डोंगर कशाला?

दूध-दह्याला घाबरू नका. कॅल्शियम आणि दुग्धजन्य पदार्थांचा संबंध आतड्याच्या कॅन्सरच्या कमी धोक्याशी दिसतो. ताक आणि साधं दही या बाजूला, रबडी आणि मावा-बाटी साखरेच्या बाजूला.

मांसाहार करणाऱ्यांसाठी: सॉसेज, सलामी, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने कॅन्सरकारक गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्के वाढतो असा त्यांचा अंदाज आहे. मटण ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात आहे, ते रोजचं न करता सणावारी ठेवा. दारूचा धोका वेगळा सांगायला नको.

५. क्रम आणि पाय

ताटात तेच ठेवून फक्त खाण्याचा क्रम बदलला तरी फरक पडतो. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा डाळ, पोळी-भात शेवटी. जेवणानंतरची साखर आणि इन्शुलिन दोन्ही कमी चढतात, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. आमच्या आजीच्या पंगतीत वरण-भात आधी असे, तेव्हा घरात या क्रमावरून थोडी कुरकुर होईल.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतो. सकाळी नेहरू पार्कात तासभर फेऱ्या मारून नंतर दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी संध्याकाळच्या या छोट्या चालण्याला कमी लेखू नये.

वजन किती उतरवायचं? प्रीडायबेटिस असलेल्यांवरच्या २००२ च्या अमेरिकी चाचणीत ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल हे लक्ष्य दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत नुसत्या जीवनशैलीच्या बदलाने ते साधारण २८ टक्क्यांनी कमी झालं. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. एवढंच. लग्नाआधीच्या वजनाचं स्वप्न बघू नका.

६. कुठे पाय घसरतो

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसलं?’ मैदा, साखर, तळण आणि बैठं काम यांना शाकाहार आड येत नाही. आमचा भाऊ जन्मात अंडं न खाल्लेला.

‘रोज इसबगोल घेतो, झालं.’ बद्धकोष्ठाला ते चांगलं आहे. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अमेरिकी प्रयोगांत, एकात गव्हाचा कोंडा आणि दुसऱ्यात कमी चरबीचा, भरपूर तंतूंचा आहार देऊनही, एकदा पॉलिप काढलेल्यांना काही वर्षांत ते पुन्हा होण्याचं प्रमाण घटलं नाही. आयुष्यभराच्या खाण्याचा परिणाम तीन-चार वर्षांच्या पुडीने भरून निघत नसावा, असं माझं मत. म्हणूनच पुढची सातवी पायरी वगळता येत नाही.

‘शुगर-फ्री’ बिस्किटं. मैदा तोच असतो. पाकिटाच्या मागचं वाचा.

फळांचा रस. पेरू चावून खा, संत्रं सोलून खा. गाळून प्यायलात तर तंतू गाळणीत राहतो.

एकदम सगळे तंतू. पंधरा दिवसांत दुप्पट केलेत तर पोट फुगेल आणि तुम्ही सगळंच सोडून द्याल. दर आठवड्याला एक बदल, आणि पाणी वाढवा.

मनाने मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्याची. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावं, नाहीतर साखर एकदम उतरू शकते.

सगळ्यात वाईट घसरण म्हणजे रक्त दिसलं की मूळव्याध समजणं. शौचातून रक्त, सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना घटणारं वजन, किंवा पुरुषात आणि पाळी थांबलेल्या बाईत लोहाच्या कमतरतेने उतरलेलं हिमोग्लोबिन, यातलं काहीही असेल तर मलम आणि चूर्ण बाजूला ठेवून आतड्याची तपासणी मागा. जुन्या रिपोर्टमधले हिमोग्लोबिनचे आकडे इथे उपयोगी पडतात. १३.५ वरून ११ वर आलेला माणूस नुसता ११ पाहून कळत नाही.

७. आतड्याची तपासणी

आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे बोलावणं येणार नाही, स्वतः विचारावं लागतं. अमेरिकेत सर्वसाधारण धोका असलेल्यांना २०२१ पासून ४५ व्या वर्षापासून तपासणी सुचवतात. सख्ख्या नात्यात आतड्याचा कॅन्सर असेल तर चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल ते. साधा पर्याय म्हणजे मलातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी. पण घरात इतिहास असेल तर डॉक्टर बहुधा सरळ कोलोनोस्कोपीच, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून पाहणं, सांगतात. तिचा मोठा फायदा असा की पॉलिप दिसला तर तिथेच काढता येतो.

तयारीत लोक गडबडतात. वर्षभर तंतू खा म्हटलं, आणि तपासणीआधीचे दोन-तीन दिवस अगदी उलट: मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दही. पेरू, टोमॅटो, तीळ, कोंड्याची पोळी बंद, कारण बिया आणि चोथा दुर्बिणीपुढे येतो. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक: गाळलेलं सूप, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. लाल रंगाचं सरबत नको, ते रक्तासारखं दिसतं. जुलाबाचं औषध दोन हप्त्यांत देतात. दुसरा हप्ता पहाटे असतो, झोपेचं खोबरं होतं, पण तो टाळलात तर आतडं स्वच्छ दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. औषध गार करून, स्ट्रॉने, लिंबाची फोड चोखत प्या. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं हे आठवडाभर आधी लेखी विचारून घ्या. गुंगी देतात, तेव्हा घरी न्यायला कुणीतरी हवं. स्वतः स्कूटर चालवत यायचं नाही.

पॉलिप काढला असेल तर त्याचा बायोप्सी रिपोर्ट काही दिवसांनी वेगळा येतो. तो घ्यायला परत जा. पुढची कोलोनोस्कोपी किती वर्षांनी हे पॉलिपची संख्या, आकार आणि जात यावर ठरतं आणि ते त्या कागदावरून कळतं. कागद फाइलमध्ये लावा, एक प्रत भावंडांना पाठवा, आणि आपलं त्या दिवशीचं वय वर मोठ्या अक्षरात लिहा. त्यांचे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.